मलंगगडावरचं उकळतं पाणी

आश्विन निम्मा सरला की कल्याणच्या उन्हाला वेगळाच वास येतो. खाडीकडचा खारट ओलावा अजून पुरता गेलेला नसतो, आणि त्यातच कापणीला आलेल्या भाताचा गोडसर वास येऊन मिसळतो. आज सकाळी अंगणात वाल निवडत बसले होते, तेवढ्यात पलीकडच्या आळीतून कुणाचं तरी घोकणं कानावर आलं. दिवाळी झाली की परीक्षा. येरझारा घालत घोकणाऱ्याचा आवाज जवळ येतो, लांब जातो, पुन्हा जवळ येतो. शब्द कळत नाहीत, चाल तेवढी कळते. माझे हात थांबले. असाच आवाज एका आश्विनात आमच्या या ओटीवर होता. त्या आवाजावर माझं सगळं पुढचं आयुष्य टांगलेलं होतं, आणि तरी तो आश्विन आठवला की मला आधी हसूच येतं.

आमच्या लग्नाला तेव्हा पाच-सहा वर्षं झाली होती. हे ठाण्याच्या शाळेत मास्तर होते आणि मासुंदा तळ्याच्या काठी दोन खोल्यांत आमचा संसार होता. पदवीच्या परीक्षेला एकदा बसले आणि नापास झाले. गणित उत्तम, भाषा उत्तम, पण उष्णतेच्या शास्त्रानं घात केला. दुसऱ्यांदा बसायचं तर पुरता वेळ हवा, म्हणून त्यांनी शाळा सोडली. मग खोल्याही सोडाव्या लागल्या, आणि आम्ही दोघं माझ्या माहेरी, कल्याणला पारनाक्याजवळ येऊन राहिलो. आई मी लहान असतानाच गेलेली. घरात नाना, म्हणजे माझे वडील, एकटेच. मला वाटलं, नानांना सोबत होईल. झालीही. पण आळीत ‘घरजावई’ हा शब्द हळूहळू फिरायला लागला. विहिरीवर बायका मला विचारायच्या, "काय गं, अजून वाचतायत का?" जणू काही ते आजारीच होते.

नानांनी सगळी नोकरी मिठाच्या खात्यात काढली होती. ठाण्यापासून उरणपर्यंतच्या मिठागरांवरून ते फिरलेले. उन्हानं रापलेला चेहरा, पांढऱ्या मिशा, आणि प्रत्येक गोष्ट स्वतः पाहिल्याशिवाय न मानण्याचा हट्ट. माणूस मायाळू होता, पण ती माया बाहेर दिसू द्यायची म्हणजे त्यांना संकटच. जावयाशी बोलताना कायम "विनायकराव" आणि "आपण". त्या आदरानं अंगावर काटा यायचा.

ते उष्णतेचं शास्त्र तेव्हा नवं होतं. विलायतेतही त्याची पुस्तकं अलीकडेच लिहिली गेली होती, असं हे सांगायचे. मराठीत त्याला धड शब्द नव्हते. शून्यलब्धी, म्हणजे बारीकात बारीक फरकाचं गणित, एवढा शब्द होता. पण इथली शून्यलब्धी वेगळी होती. तिचं चिन्हही वेगळं, मान मागे वळवून उभ्या राहिलेल्या बगळ्यासारखं. मी त्याला बगळाच म्हणायला लागले. पाटीवर एका आडव्या रेघेच्या वर एक बगळा, खाली एक बगळा, आणि बाजूला खालच्या अंगाला एक चिमुकलं अक्षर.

"ते चिमुकलं अक्षर कशाला?" मी विचारलं. मी भाजी चिरत होते आणि हे स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर पाटी घेऊन बसले होते. मला समजावून सांगताना त्यांना स्वतःला समजायचं, म्हणून रोज दुपारी ही शाळा भरायची.

"ते म्हणजे काय धरून ठेवलंय ते," हे म्हणाले. "हे बघ, कोंडलेल्या हवेच्या तीन गोष्टी. तिचा दाब, तिचं आकारमान आणि तिची उष्णता. तिन्ही एकमेकींत गुंतलेल्या. एक हलवली की बाकीच्या दोन्ही हलणार. मग कुणामुळे कोण किती हललं ते कसं सांगायचं? म्हणून एक घट्ट धरून ठेवायची, दुसरी जराशी हलवायची, आणि तिसरी किती हलते ते पाहायचं. काय धरून ठेवलं ते लिहिलं नाही, तर सगळंच व्यर्थ."

मी विळी थांबवली. "म्हणजे असं का? नाना झोपलेले असताना मी तुम्हाला एक शब्द बोलले, तर तुम्ही मला दहा ऐकवता. नाना ओटीवर जागे असताना मी तोच शब्द बोलले, तर तुम्ही नुसतं ‘बरं’ म्हणता."

हे इतक्या मोठ्यानं हसले की ओटीवर झोपलेले नाना खरोखरच जागे झाले. "अगदी तेच! अगं, अगदी तेच! शब्द तोच, नवरा तोच, पण नाना जागे की झोपलेले हे बाजूला लिहायलाच हवं."

त्यांना आदल्या वर्षी ज्या प्रश्नानं बुडवलं, तोही मला त्या दिवसांत कळला. तीन गोष्टींच्या तीन जोड्या होतात. आकारमान वाढवलं तर दाब किती बदलतो, दाब वाढवला तर उष्णता किती, आणि उष्णता वाढवली तर आकारमान किती. दर वेळी उरलेली तिसरी गोष्ट स्थिर. हे तिन्ही आकडे एकमेकांनी गुणले तर काय येतं? वरचे-खालचे बगळे छाटत गेलं तर एक उरतो, साधा एक. यांनी परीक्षेत तेच लिहिलं होतं. खरं उत्तर उणे एक.

"कसं काय उणे?" मला ते फारच अन्यायाचं वाटलं.

"कारण हे नुसते अपूर्णांक नाहीत. प्रत्येकात धरून ठेवलेली गोष्ट वेगळी आहे, त्यामुळे छाटता येत नाहीत. आणि विचार कर ना. हवा कोंडून तापवली तर दाब वाढतो. दाब तेवढाच ठेवून तापवली तर ती फुगते. पण उष्णता तेवढीच ठेवून तिला जास्त जागा दिली, तर दाब कमी होतो. दोन वाढी आणि एक घट. तिघांचा गुणाकार उणेच येणार."

आज इतक्या वर्षांनीही तो उणे एक माझ्या मनातून जात नाही. घरात तिघं माणसं असली की कधीकधी असंच होतं. दोघादोघांचं उत्तम जमतं, आणि तिघं एकत्र बसली की कुठून तरी एक उणे येऊन बसतं. आमच्या घरात त्या आश्विनात अगदी तसं होतं. माझं नानांशी जमत होतं, माझं यांच्याशी जमत होतं, पण जेवणाच्या पानावर तिघं आलो की फक्त ताकाचे भुरके ऐकू यायचे.

एका संध्याकाळी नानांनी ओटीवर सुपारी कातरता कातरता विषय काढला. "विनायकराव, भुसावळला मालधक्क्यावर कारकुनाची जागा आहे. माझ्या ओळखीनं होईल. दिवाळीआधी रुजू व्हावं लागेल."

"पण नाना, परीक्षा दिवाळीनंतर आहे."

"ते मला ठाऊक आहे."

मी आत दिव्याची वात सारखी करत होते. माझा हात तिथंच थबकला. भुसावळ म्हणजे मला तेव्हा जगाचं टोक वाटायचं. आणि खरं सांगायचं तर मला भुसावळची भीती नव्हती. आम्ही गेलो की नाना या घरात पुन्हा एकटे पडणार, आणि हे आयुष्यभर त्या मालाच्या गोण्यांकडे बघत बगळ्यांची आठवण काढत राहणार, या दोन्हींची होती.

यांनी हातातली पाटी खाली ठेवली. मग म्हणाले, "मला एकदा बसू द्या. या वेळी मला विषय कळलाय."

"कळलाय हे मी कशावरून मानू?" नाना चिडून नव्हते बोलत, अगदी सरळ विचारत होते. "मी जन्मभर मीठ चाखून पाहिल्याशिवाय त्याला मीठ म्हटलं नाही. आपण पाटीवर जे काढता, त्यातलं मला चाखता येईल असं काही आहे का?"

हे एकदम ताठ बसले. "आहे. नाना, पाणी किती तापलं म्हणजे उकळतं?"

"उकळायचं तेव्हा उकळतं."

"इथं खाली, समुद्रालगत, उष्णता मोजायच्या नळीतला पारा दोनशे बाराच्या खुणेवर आला की उकळतं. पण डोंगरावर हवा विरळ, तिचा दाब कमी, म्हणून तिथं कमी उष्णतेतच उकळतं. किती कमी, ते मी इथं बसून सांगू शकतो."

"इथं बसून?"

"इथं बसून. मलंगगडाच्या माचीची उंची सरकारी नकाशात आहे. उंचीवरून दाब काढतो. दाबावरून उष्णता काढतो. तीन अंश कमी. पारा दोनशे नऊवर असेल."

नानांनी अडकित्ता खाली ठेवला. "तीन आले, तर भुसावळचं नाव मी काढणार नाही. नाही आले तर दिवाळीआधी गाडीत बसायचं. कबूल?"

"कबूल."

मला कुणी विचारलं नाही. म्हणून मीच आतून म्हटलं, "मीही येणार. तिथं पातेलं कोण सांभाळणार?"

तीन हा आकडा यांनी कुठून काढला, ते त्यांनी मला दुसऱ्या दिवशी सांगितलं. त्या शास्त्रात एन्ट्रॉपी म्हणून एक चीज आहे. ती दिसत नाही, हाताला लागत नाही, ती मोजायचं यंत्र जगात नाही. पण त्या बगळ्यांचा एक संबंध आहे. उष्णता धरून ठेवून आकारमान वाढवलं तर ही अदृश्य चीज जेवढ्या प्रमाणात वाढते, अगदी तेवढ्याच प्रमाणात, आकारमान धरून ठेवून उष्णता वाढवली तर दाब वाढतो. डाव्या बाजूला जे कधीच दिसणार नाही ते, आणि उजव्या बाजूला साधा दाब आणि साधी उष्णता, नळीनं मोजता येणारी. मध्ये बरोबरीच्या दोन रेघा. उकळत्या पाण्याला हा संबंध लावला की दाब किती उतरला म्हणजे उकळण्याची खूण किती उतरते, ते निघतं.

मी त्या दोन रेघांकडे पाहत राहिले. नानांच्या मनात जावयाबद्दल काय आहे, ते मोजायचं यंत्रही नव्हतं. पण भुसावळच्या गोष्टी बोलणारे नानाच रोज संध्याकाळी यांच्या कंदिलाची काच स्वतः पुसून ठेवायचे. मला ते काच पुसणं दिसत होतं. त्यावरून पलीकडचं ओळखायला मी शिकत होते.

पाऱ्याची नळी यांच्या कॉलेजातून आली, प्रोफेसरांनी शंभर वेळा बजावून दिलेली. यांनी ती माझ्या जुन्या लुगड्याच्या चिंध्यांत गुंडाळली आणि मांडीवरून खाली ठेवेनात. बरोबर काय न्यायचं यावरही त्यांचा कटाक्ष होता. घरातलंच पातेलं, घरातलीच तूरडाळ, आपल्या विहिरीचं पाणी, आणि घरी एकदा वरण शिजायला लागतात तेवढीच आपल्या फळीवरची सुकी लाकडं. "डोंगर सोडून दुसरं काहीही बदलता कामा नये," असं ते परत परत म्हणत होते.

पहाटे बैलगाडीनं निघालो. गाडीवान नेवाळीकडचा आगरी, धर्मा नावाचा. आमची मोळी, पाण्याची कळशी आणि पातेलं पाहून तो चक्रावलाच.

"पानी उकालाला डोंगरावर कशाला जातांव, नाना? खाली काय चुली नाय?"

"ते आमच्या जावयांना विचार," नाना म्हणाले, आणि मला वाटलं, मिशीत किंचित हसले.

दोन्हीकडे भात पिवळं पडत आलं होतं. पाऊस नुकताच संपलेला, त्यामुळे ओढे वाहत होते. डोंगराच्या उतारावर सोनकीची पिवळी फुलं इतकी पसरली होती की कुणी हळद सांडली असं वाटावं. चढण उभी होती. नाना काठी टेकत पुढे, हे नळी छातीशी धरून मध्ये, आणि मी मागे. धर्मानं कळशी खांद्यावर घेतली होती आणि वाटभर तो पाण्याच्या वेडेपणावर स्वतःशीच हसत होता. माचीवर पोचलो तेव्हा वारा भन्नाट होता. मी मलंगबाबांच्या दर्ग्याला नमस्कार केला आणि मनात म्हटलं, तीन. फक्त तीन.

एका कातळाच्या आडोशाला चूल मांडली. पाण्याला उकळी फुटली. यांनी नळी हळूच आत सोडली. पारा चढला, चढला आणि थांबला. यांनी वाकून पाहिलं, आणि त्यांचा चेहराच उतरला.

नानांनी चष्मा लावला. "दोनशे दहा. आणि वर अर्धा."

दीड अंश. तिनाच्या निम्मे. यांनी नळी पुसली, पुन्हा बुडवली. पुन्हा तेच. नाना हरवायला आले होते, पण हरलेला माणूस समोर पाहून त्यांनी चष्मा काढून उगाचच पुसला. शेवटी ते म्हणाले, "डाळ तरी टाका. भूक लागलीय."

मी डाळ टाकली, झाकण ठेवलं. आणलेली सगळी लाकडं संपली. झाकण काढून डाव फिरवला, तर डाळीत कणी. घरी एवढ्या लाकडांत ती लोण्यासारखी होते.

"वाऱ्यानं जाळ उडाला असेल," नाना म्हणाले.

"आडोशाला वारा कुठे लागतोय? आणि पाणी सगळा वेळ खळखळत होतं." मला एकाएकी रागच आला, कुणाचा ते कळेना. "डाळ काही कुणाच्या बाजूची नाही, नाना. पाणी घरच्याहून पुष्कळच कमी तापलं होतं. ही डाळ खरी असेल, तर तुमची ती नळीच खोटी."

आम्ही ती कच्ची डाळ भाकरीबरोबर खाल्ली आणि उतरलो. गाडीत हे पाठ फिरवून बसले होते. उन्हं कलली होती आणि बैलांच्या घुंगरांशिवाय आवाज नव्हता. मी मनातल्या मनात भुसावळला न्यायच्या भांड्यांची जुळवाजुळव करत होते. नेवाळी मागे पडली, आणि हे अचानक चालत्या गाडीतून खाली उडी मारून उभे राहिले. धर्मानं घाबरून बैल आवरले.

"दोनशे बारा कुणी पाहिलंय?" हे रस्त्यात उभे राहून ओरडले. "अगं, मी गणित मांडलं फरकाचं आणि ताडायला गेलो नुसता आकडा! ही नळी खाली घरात किती दाखवते ते मी पाहिलंच नाही. पुस्तकात दोनशे बारा आहे, म्हणून धरून चाललो. डोंगर सोडून काही बदलायचं नाही म्हणालो, आणि घरची उकळी मोजलीच नाही!"

"म्हणजे हरल्यावर आता नियम बदलायचे?" नाना म्हणाले.

"नियम नाही, नाना. घरी उकळून पाहू. नळीनं तिथं दोनशे बारा दाखवलं तर मी हरलो, आणि उद्या बांधाबांध करतो."

नानांनी सरकून यांना गाडीत जागा करून दिली. मग गाडीवानाला म्हणाले, "धर्मा, बैल जरा हाक."

दिवेलागणीला घरी पोचलो. मी पाय धुऊन स्वयंपाकघरात जाते तो काय, नाना चुलीपुढे बसलेले. त्या माणसानं जन्मात चूल पेटवली नव्हती. डोळ्यांतून पाणी, मिशीवर राख, आणि फुंकणी उलटी धरलेली.

"नाना, मी करते."

"नको. तू तुझ्या नवऱ्याच्या बाजूची आहेस. ही उकळी मी आणणार."

ती आणायला त्यांना किती धूर खावा लागला ते विचारू नका. पण पाणी उकळलं. यांनी नळी नानांच्याच हातात दिली आणि स्वतः लांब, उंबऱ्यापाशी जाऊन उभे राहिले. नानांनी ती बुडवली. मी कंदील धरून पुढे वाकले, तर माझीच सावली नळीवर पडली.

"नीट धर गं, द्वारके." नाना वाकले. बराच वेळ वाकूनच राहिले. "दोनशे तेरा," ते सावकाश म्हणाले. "आणि वर अर्धा."

मग त्यांनी बोटं मोजली. खरोखर बोटं मोजली, मिठाच्या खात्यातल्या जुन्याजाणत्या माणसानं. तेरा आणि अर्धा, त्यातून दहा आणि अर्धा.

"तीन," नाना म्हणाले. त्यांनी एकदा यांच्याकडे पाहिलं, एकदा पातेल्याकडे. "ओटीवर बसून काढलेत?"

"हो, नाना."

"भुसावळला मी नाही म्हणून कळवतो." एवढं बोलून ते तोंड धुवायला निघून गेले. आम्ही दोघं त्या धुरात एकमेकांकडे बघून वेड्यासारखे हसलो. उरलेल्या पाण्यात मी डाळ टाकली, आणि ती लोण्यासारखी शिजली.

त्या दिवसापासून मला एक खोड लागली आहे. कुणी म्हटलं, अमकी फार रागीट, तमका फार अबोल, की मी मनात म्हणते, आधी कुठे होता ते पाहा. माणसाचा आकडा एकटा काही सांगत नाही. तो कुठून कुठे आला आणि तेव्हा त्याचं काय जखडलेलं होतं, हे कळल्यावरच तो समजतो. हे मला पुस्तकानं शिकवलं असतं, तर मी विसरले असते.

परीक्षा झाली. तीन बगळ्यांचा गुणाकार या वेळीही आला होता. हे घरी येऊन म्हणाले, "उणे इतकं ठळक काढलंय की तपासणाऱ्याच्या बोटाला शाई लागेल." मग वाट पाहणं सुरू झालं. थंडी पडली. अंगणात वालाचे वेल फुलले. आणि एका सकाळी नाना, "ठाण्याला मिठागरावर जुन्या माणसांना भेटायला जातो," असं सांगून पहिल्या गाडीनं निघून गेले.

ते ठाण्याला उतरलेच नाहीत. थेट बोरीबंदरला गेले, तिथून चालत विद्यापीठात, आणि भिंतीवर लावलेल्या निकालापुढच्या तरुण पोरांच्या गर्दीत पगडी सावरत घुसले. ही हकीकत आम्हाला त्यांनी पुढे पुष्कळ दिवसांनी, तीही तुकड्या-तुकड्यानं सांगितली. नाव सापडल्यावर त्यांचा स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास बसेना. शेजारच्या एका अनोळखी पोराला त्यांनी ते मोठ्यानं वाचायला लावलं. तेवढ्यानंही भागेना, म्हणून दुसऱ्याला.

संध्याकाळी मी मागच्या ओट्यावर होते आणि हे विहिरीवर पाणी काढत होते. मागलं दार ढकलून नाना आत आले. पगडी तिरकी, धोतराला धूळ, श्वास लागलेला.

"अरे विनायक," ते म्हणाले, "पास झालास."

यांच्या हातातला दोर सुटला. पोहरा धाडकन विहिरीत गेला. हे तसेच उभे. निकालानं की त्या ‘अरे’नं, कशानं त्यांचे डोळे भरले, ते मी आजवर विचारलेलं नाही. नानांनाही पुढे काय करायचं ते सुचेना. मिठी मारायची सवय दोघांनाही नव्हती. मग नाना कोपऱ्यातला लोखंडी गळ घेऊन आले, आणि दोघं कठड्यावर ओणवे होऊन पोहरा शोधायला लागले. एकमेकांच्या खांद्याला खांदा लागलेला, आणि दोघांची डोकी विहिरीत. मला वरून फक्त दोन पाठी दिसत होत्या. आतून घुमत नानांचा आवाज येत होता.

"डावीकडे. अरे, डावीकडे घे रे... हां. आता हळू."